वैशूचा तीरकामठा

जिजी, आज खंडेनवमी, आणि आपल्या घरी काही नाही. पाट मांडला नाही. तुमची कात्री घासून ठेवली नाही, ह्यांच्या सायकलला हळदकुंकू नाही, माझ्या खडूच्या डबीवर झेंडूचं फूल नाही. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नाही, असं तुमच्या मोठ्या काकूंनी सांगितलंय. पितृपक्षात गेलात तुम्ही. जायलासुद्धा वेळ बघून निघालात, म्हणजे आम्हाला नवरात्र काही सुचू नये.

गल्लीतले सगळे कापडाचे लूम सकाळपासून बंद आहेत. पूजा झाली, हार घातले, आता उद्यापर्यंत कुणी हात लावणार नाही. सुरतेत, या भेस्तानला राहायला आल्यापासून त्या खटखटीला मी शिव्या घालत आले. आज ती नाही, तर घरात बसवत नाही मला. उठते, ओट्यापाशी जाते, कशाला आले ते विसरते, परत येते. चहा ठेवते आणि उतू घालवते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मास्तरीण, एका जागे बठ." बसले असते की नाही कोण जाणे, पण उलटून बोलले तरी असते. आता उलटून बोलायला कोण आहे? ह्यांना काही बोललं की हळूच बाहेर निघून जातात.

आणि वैशू माझ्यामागे भुणभुण लावून बसलीये. "मम्मी, आज पूजा नाही, तर उद्या माझा तीरकामठा कोण देणार?"

काय सांगू तिला? सहा वर्षांची पोर. इथल्या पोरांचं ऐकून ती तुम्हाला आत्याऐवजी फुई म्हणते. तिच्या हिशेबात फुईनं दसऱ्याला द्यायचं कबूल केलंय, आणि दसरा उद्या आहे. फुई नाही, हे तिला कळलंय. पण फुईचा शब्दही गेला, हे काही तिच्या डोक्यात शिरत नाही. खरं सांगू? माझ्याही शिरत नाही.

आठवतंय ना हे सगळं कुठून सुरू झालं ते? गेल्या नवरात्रात चौकात कामगारांनी रामलीला लावली होती. गल्लीतल्या पोरांनी जत्रेतून चमकीचे धनुष्यबाण आणले आणि आमची बाई त्यांच्यात घुसली. तर ती पोरं म्हणाली, "तू तो सीता बन. एक बाजू बेस." एका बाजूला बस म्हणे! ही रडत घरी. मी आपली साडीला पिन लावत होते, मी म्हटलं, असू दे गं, सीता पण छान असते. तुम्ही मांडीवरची साडी बाजूला टाकली. टिकल्या चिकटवायचं अर्जंट काम होतं ते, संध्याकाळी माणूस न्यायला येणार होता. आणि तुम्ही पोरीला म्हणालात, "सीता कसाले बनशी? तू तीर चालाड!"

मी हसले होते. तेव्हा मला काय माहीत, ही बाई खरंच हट्टाला पेटणार म्हणून.

पहिला तीरकामठा तुम्ही मच्छरदाणीच्या बांबूचा केलात. अहो, विचारायचं तरी! आम्ही दोघं रात्री झोपायला गेलो तर एका कोपऱ्यात मच्छरदाणी पालथी पडलेली. सकाळी पाहते तर तो बांबू उभा चिरून, तासून, वाकवून तयार. दिसायला देखणा होता, नाही म्हणत नाही. खंडेनवमीला तुम्ही तो पाटावर मांडलात, कात्री आणि पक्कड यांच्या मधोमध. मोठ्या काकू तेव्हाही आल्या होत्या. त्या म्हणाल्या, पोरीचं खेळणं पाटावर ठेवतात का? तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कुंकवाचं बोट ओढलंत आणि वैशूला बजावलंत, आज हात लावायचा नाही, आज तो देवाचा, उद्या तुझा. पोर दिवसभर पाटासमोर मांडी घालून बसली. जेवायलाही तिथेच.

आणि दसऱ्याला सकाळी, हे फाफडा-जिलेबीच्या रांगेत उभे असताना, तुम्ही तो तिच्या हातात दिलात. तिनं दोरी ओढली आणि किंचाळली.

दोन बोटं चिरली होती. दोरी कसली लावलीत तुम्ही? संक्रांतीची! गच्चीवर पोरांनी टाकून दिलेली फिरकी तुम्ही जपून ठेवली होतीत, आणि वर मला सांगितलं होतंत, याच्यापेक्षा मजबूत दोरा अख्ख्या सुरतमध्ये मिळणार नाही. मजबूत असणारच! काच पाजलेला दोरा तो. गल्लीतले बाप्ये बोटांना पट्ट्या बांधल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. पतंग कापायचा दोरा, जिजी. तो लावून पोराच्या हातात धनुष्य देतात का? तुमच्या गावाकडे पतंगाचं एवढं वेड नाही, तुम्हाला तो नुसता चांगला दोरा वाटला, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी तुम्हाला जे बोलले ते सगळ्या चाळीनं ऐकलं. पोरीची बोटं तोंडात धरून बसलात नुसत्या.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, मी आता माफी मागणार. मुळीच नाही. बरोबरच बोलले मी. परत तसं झालं तर परत बोलेन.

पण पोर कुणाची बघा. बोटाला पट्टी, डोळ्यांत पाणी, आणि विचारते काय, "फुई, बीजो क्यारे बनावशे?" दुसरा कधी करणार! गुजराती पोरांत खेळून खेळून रडणंसुद्धा गुजरातीत. तुम्ही म्हणालात, पुढच्या दसऱ्याला. खराखुरा. माझ्याकडे न बघता म्हणालात.

मी सोडूनच दिलं होतं मनातून. वाटलं, वर्षभरात पोर विसरेल. तुम्ही होळीला गावी गेलात आणि शेजारच्या एसटीडीवर निरोप आला, मला घ्यायला उधना स्टेशनवर ये, सामान आहे. मी शाळा सुटल्यावर धावत गेले. मला वाटलं, तांदूळ नाहीतर डाळ असेल. गाडी थांबली तर डब्याच्या खिडकीतून आधी बांबू बाहेर आला. हातभर, दोन हात, येतोच आहे. मग तुमचा आवाज, "धर व मास्तरीण, धर, पाडू नको!" आख्खं स्टेशन बघतंय. माझ्या वर्गातल्या एका पोराचा बाप तिथे उभा. मी पर्स खांद्याला, बाईंसारखी बाई, आणि खिडकीतून बांबू ओढते आहे. आतले लोक हसत होते. एकजण म्हणाला, मावशींनी नंदुरबारपासून आमच्या पिशव्या त्यावर टांगल्या, फार सोय झाली.

भिलाटीतल्या, म्हणजे गावाकडच्या भिल्लांच्या वस्तीतल्या, कुणा ओळखीच्या आजोबांनी तो तुम्हाला निवडून दिला होता. भरीव, आत पोकळी नसलेला. तुम्ही रिक्षात तो मांडीवर आडवा धरून बसलात आणि रिक्षावाल्याला म्हणालात, हळू चाल भाऊ, लेकरू आहे. मला इतकी लाज वाटली की मी तोंड फिरवून बसले. आता ते आठवलं की हसू येतं, आणि हसता हसता कुठेतरी भलतीकडेच जातं. पुसते, परत लिहिते.

मग तो बांबू माळ्यावर गेला. बंबाच्या वर, जिथे धूर लागतो तिथे. पावसाळाभर तिथे पिकू दिलात. वैशू रोज शाळेतून आली की मान वर करून बघायची. तुम्ही म्हणायच्या, दम धर. श्रावणात उतरवलात, चिरलात, आणि दुपारच्या वेळी तासायला घेतलात. मी शाळेतून यायची तर सगळ्या अंगणात भुसा, आणि त्यात तुमचे पाय. साड्यांचं काम मागे पडायचं. मी म्हणायची, जिजी, टिकल्या. तुम्ही म्हणायच्या, टिकल्या कुठे जात नाहीत.

आणि आता आपल्या भांडणाकडे येते. राहिलंय ते.

शेवटी तो आकाराला आला तेव्हा मी ओढून पाहिला. वाकेना. मी म्हणजे काही नाजूक बाई नाही, पहिलीच्या वर्गातली द्वाड कार्टी दोन दोन हातात धरून बाहेर काढते. मलाच वाकेना तो! म्हटलं, जिजी, मला वाकत नाही, ही पोर काय वाकवणार? पातळ करा अजून.

तुम्ही म्हणालात, "आज नही ते सकाय वाकाडी. पोर आशीच ऱ्हाई का? मोठी व्हई ना."

मी म्हटलं, मग मोठी झाल्यावर द्या. आत्ता हलका द्या. मी रोज बघते शाळेत. पहिलीच्या पोराला चौथीचं पुस्तक दिलं की ते चौथीचं शिकत नाही, पुस्तकालाच घाबरतं. जे वाकतच नाही ते भिंतीवर टांगलं जातं, आणि मग धूळ खातं.

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी विसरणार नाही. हातातला बांबू खाली ठेवलात आणि म्हणालात की पोरींना सगळं हलकंच देतात. हलकी बादली, हलकी विळी, हलकं शिक्षण. मग म्हणतात, पोरीची जातच हलकी. तुमच्या भावांना शेतात पाखरं हाकायला खरी गोफण, आणि तुम्हाला डबा वाजवायला पत्र्याचा तुकडा. नेम तुमचा त्यांच्याहून बरा होता, हेही म्हणालात. चोरून मारायच्या म्हणे गोफण, पिकाच्या आड. इतकी वर्षं एका घरात राहिलो आणि मला हे ठाऊकही नव्हतं.

मला पटलं का? अर्धं पटलं. पण ते अर्धं मी तोंडानं म्हटलं नाही, कारण उरलेलं अर्धं मला अजूनही पटलेलं नाही. मी म्हटलं, तुमची गोफण तुम्हाला मिळाली नाही म्हणून माझ्या पोरीनं दगड ओढायचा का? तुम्ही म्हणालात, "तुले काय समजस व, मास्तरीण?" मी म्हटलं, मला पोरं समजतात. तुमचं नाक फुगलं. तुम्ही उठून आत गेलात.

भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुमची जुनी सवय. पण एवढं लांब जायचं असतं का?

दुसऱ्या दिवशी मी शाळेत होते. ऑफिसच्या फोनवर निरोप आला. दुपारी छातीत कळ आली म्हणालात, पाणी मागितलंत, आणि शेजारच्या भाभी पाणी घेऊन येईपर्यंत आटोपलं होतं. मी घरी आले तर तुम्ही झोपलेल्या दिसत होतात. मला इतका राग आला तुमचा. सगळे रडत होते आणि मी रागावले होते. अजून आहे तो. कुठे ठेवू तो राग, सांगा.

दहाव्याला काय झालं ते तुम्हाला कळलंच नसेल. घरभर पाहुणे, सगळ्यांच्या आंघोळी, बंब सकाळपासून पेटलेला. लाकूड संपलं. मी पोहे करत होते, आणि खिडकीतून पाहते तर मोठ्या काकूंच्या हातात तुमचं ते गाठोडं. जुन्या हिरव्या साडीत गुंडाळलेलं, माळ्यावरून काढलेलं. एक टोक बंबाच्या तोंडाशी. मी झारा तसाच टाकला आणि धावले.

"काकू, ते नाही!"

त्या म्हणाल्या, "लाकूडच शे ना. बंबमा टाकाले काय व्हस?"

त्यांचंही काय चुकलं? त्यांना लाकूड दिसलं. पण मी ते त्यांच्या हातातून असं ओढलं की त्या मागच्या मागे बसल्या. ह्यांनी मला आत बोलावून विचारलं, काय झालं तुला, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोकांना म्हणावं आंघोळी गार पाण्यानं करा. गाठोडं मी माझ्या कपाटात साड्यांच्या मागे ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली. उघडून पाहिलं नाही. मला ठाऊकच होतं आत काय आहे. तो जाडजूड, न वाकणारा हट्ट. तुमचाच.

तेव्हापासून तो तिथे आहे. आणि वैशू मला विचारतेय, उद्या कोण देणार.

कसं सांगू तुम्हाला, जिजी, मला तो तिला द्यायचा आहे. तुमचा शब्द आहे तो, आणि तुमचा शब्द मी कधी फुकट गेलेला पाहिला नाही. वैशू झाली तेव्हा सगळे म्हणाले, आता नोकरी सोड. सासूबाई म्हणाल्या, माझी आई म्हणाली, हे काहीच म्हणाले नाहीत म्हणजे तेही म्हणालेच. आणि तुम्ही गावाहून ट्रंक घेऊन आलात, दारात चपला काढल्यात, पोरीला माझ्या हातातून घेतलंत आणि सगळ्यांना म्हणालात, "मी शे ना." मी आहे ना, बस, एवढंच. मी दुसऱ्या आठवड्यात शाळेत हजर झाले. तेव्हापासून मी जे काही कमावलं, शिकले, वर मान करून चालले, ते तुमच्या त्या तीन शब्दांवर. मी तुम्हाला कधी म्हटलं का हे? आपल्यात असं बोलायची पद्धत नव्हती. आपल्यात टोमणे मारायची पद्धत होती. तर आज म्हणते. तुम्ही होतात म्हणून मी मास्तरीण राहिले.

पण तो वाकत नाही ना! न वाकणारा तीरकामठा पोरीच्या हातात दिला तर ती दोनदा ओढेल, हरेल, आणि फुईनं आपल्याला न जमणारं काहीतरी दिलं, हेच तिच्या मनात राहील. पातळ करावा, तर तुमच्या वस्तूवर तुमच्या पश्चात माझा हात चालवायचा. भांडण सुरू असताना समोरचं माणूस नाही आणि आपणच निकाल लावायचा. हे मला पटत नाही. शाळेतसुद्धा मी दोन्ही कार्ट्यांना समोर उभं करून विचारते.

चहा परत उतू गेला. थांबा.

*

आज दसरा. काल ते तसंच टाकलं, पुढे लिहिते.

काल दुपारी मला राहवेना. कपाट उघडलं, गाठोडं घेऊन मागच्या अंगणात गेले. कोयता घेतला. मोठ्या काकू पायरीवर वाती वळत बसल्या होत्या. त्या दचकल्याच. "आज हत्यार हातमा धरतस का व?"

मी म्हटलं, "काकू, आज आपल्या घरी पूजाच नाही. हत्याराला कुंकू नाही लागलं, तर ते हातात धरू नये हा नियम तरी कुठला?"

त्यांनी वात परत हातात घेतली. मला वाटतं, त्यांनाही ते बरोबर वाटलं असावं. किंवा दहाव्याचा अनुभव आठवला असेल.

गाठोडं सोडलं. आत वातीसारखी वळलेली दोरी होती, लूमवरच्या सुताची, मेण लावलेली. काच नव्हती हो तिला, मी बोट फिरवून पाहिलं. एका चिंधीत बाटलीच्या काचेचा तुकडा होता, तुम्ही त्यानंच घासून काढायच्या. आणि तीरकामठा. मी तो उचलला, मधली मूठ धरली, दोन्ही टोकांवरून हात फिरवला.

एक टोक जाड होतं. आपण भांडलो तेव्हा होतं तसंच.

दुसरं पातळ होतं. मुठीपासून शेवटापर्यंत तासून, घासून, गुळगुळीत करून, खाच पाडून, तेल लावून पूर्ण केलेलं. मी ते जमिनीला टेकवून दाबलं. वाकलं. मऊ वाकलं, जिजी.

मी तिथेच मातीत बसले. वैशूला हाक मारली. विचारलं, हे कधी केलं फुईनं?

तिनं आधी ओठ दाबले. मग म्हणाली, "तू शाळेत होतीस ना, त्या दिवशी सकाळी. फुई म्हणाली, आईला सांगू नको. मास्तरणीला कळलं की डोक्यावर बसेल."

त्या दिवशी सकाळी. म्हणजे आदल्या संध्याकाळी नाक फुगवून आत गेलात, आणि दुसऱ्या दिवशी माझी पाठ फिरल्यावर काच घेऊन बसलात. माझं ऐकलंत. अर्धं ऐकलंत, दुपारपर्यंत तेवढंच झालं. अहो, मग मेलं सांगायला काय झालं होतं? मी डोक्यावर बसले असते, बसले असतेच! चार दिवस सगळ्या चाळीला सांगत फिरले असते, जिजींनी माझं ऐकलं म्हणून. तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलला नसतात. किती मजा आली असती.

फार रडले काल. तेराव्यापर्यंत रडले नव्हते तेवढं. वाती टाकून मोठ्या काकू उठून आल्या आणि माझ्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. राग कुठे गेला कळलं नाही. सगळा गेला असं नाही.

मग दुसरं टोक मी केलं. कोयत्यानं थोडं, बाकी तुमच्या काचेनं. सगळी गल्ली बंद, एक लूम चालू नाही, आणि आपल्या अंगणात खरखर खरखर. शेजारच्या भाभी कठड्यावरून वाकून बघत होत्या. एका बाजूचं माप घेऊन दुसरी बाजू करायची, वैशू समोर बसून सांगत होती, अजून, अजून, मम्मी, आता बस. मला तुमच्यासारखं जमलं नाही. माझं टोक जरा जाडच राहिलं आणि एका जागी काच घसरून खोक पडली. हाताला फोड आला. दोरी चढवायला ह्यांना बोलावलं. ते आले, काही न विचारता गुडघ्यावर दाबून त्यांनी ती चढवली, आणि तार वाजवावी तशी एकदा वाजवून पाहिली. तुमच्या भावाला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आज सकाळी नहराच्या, कालव्याच्या, कडेच्या मोकळ्या जागेत गेलो. बाण बोरूचे, टोकाला चिंधीचे बोळे, ते मी बांधले. चमकीचे धनुष्य घेऊन ती गल्लीतली पोरंही मागे मागे आली होती. मी वैशूच्या हातात तीरकामठा दिला आणि विचारलं, कुठलं टोक वर धरायचं गं?

"फुईचं वर," ती म्हणाली. जसं काही हे सगळ्या जगाला माहीत असतं. "तुझं जाड आहे, ते खाली."

आणि ओढला तिनं. वाकला, जिजी. पूर्ण नाही, पण वाकला. बाण सुटला आणि फार लांब नाही गेला, गवतात पडला. पोरं हसली नाहीत. त्यातला एक धावत जाऊन बाण घेऊन आला आणि म्हणाला, "मने आपने एक वार." मला एकदा दे. वैशू म्हणाली, लाइनमां ऊभो रहे.

मी बाजूला उभी राहून मोठ्या तोऱ्यात होते. बघा, म्हटलं मनात, बघा, हलका दिला म्हणून ओढतेय. मी म्हणत होते तेच खरं. तेवढ्यात आमची बाई आली, घामाघूम, आणि तीरकामठा माझ्या हातात देऊन म्हणाली, "मम्मी, हे सोपं आहे. फुई म्हणाली होती, पुढच्या वर्षी जाड करू. पण आता जाड कोण करणार?"

म्हणजे दोघींचंही ठेवलंत तुम्ही. यंदा माझं, पुढच्या वर्षी तुमचं. आणि हे मला सोडून घरात सगळ्यांना माहीत.

इतकी वर्षं तुमची अहिराणी ऐकली, कधी बोलले नाही. जीभ वळायची नाही, आणि खरं सांगायचं तर जरा कमीपणाही वाटायचा. आज ती पोर तोंड वर करून उभी होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी शे ना."

वैशू माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं बाण उचलला आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली.

तर होळीला मी गावी जाते आहे, जिजी. भिलाटीत जाऊन त्या आजोबांना शोधते. बांबू भरीव पाहिजे, आत पोकळी नको, एवढं मला कळतं. परत येताना खिडकीतून आधी तोच बाहेर काढीन, आणि बघू दे आख्ख्या उधना स्टेशनला.